साखरेच्या पुड्यात अंगठी कधी आली?

(पेण-रोहा परिसराच्या सामाजिक इतिहासावरील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



रोह्याला बोलायचं ठरलं तेव्हा आयोजकांनी विषय विचारला. मी म्हटलं, "साखरपुड्याची अंगठी." फोनवर जरा वेळ शांतता. मग ते हळूच म्हणाले, "पण इतिहासच ना?" इतिहासच. किल्ले आणि तह यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आज आपण बोटाएवढ्या वस्तूबद्दल बोलू.

आधी एक करू या. ज्यांच्या बोटात साखरपुड्याची अंगठी आहे, त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांच्या आजीच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती, त्यांचेच हात वर राहू देत. बघा, किती हात खाली गेले. (हशा) आजी आणि नात यांच्या मधल्या काळात काय घडलं, तो आजचा विषय.

शब्दापासून सुरुवात करतो. साखरपुडा. यात साखर आहे आणि ती बांधलेला पुडा आहे. अंगठी कुठेच नाही. मुलाकडची माणसं मुलीच्या घरी यायची, मुलीला पाटावर बसवायची, कुंकू लावायची, लुगडं-खण द्यायची, ओटी भरायची आणि हातात साखरेचा पुडा ठेवायची. मग ती साखर जमलेल्यांत वाटली जायची. याला शास्त्रातला शब्द वाङ्निश्चय. वाक् म्हणजे बोलणं, शब्द. शब्दानं केलेला निश्चय. त्याही नावात दागिना नाही. ठरलेल्या लग्नाला आपण 'सुपारी फुटली' म्हणायचो, त्यातही नाही. म्हणजे तीन नावं, आणि तिन्हींत सोन्याचा उल्लेख नाही.

मग त्या साखरेचं काम काय होतं? माझं म्हणणं असं, की साखर वाटणं म्हणजे साक्षीदार करणं. ज्याच्या तोंडात साखर गेली त्याला उद्या 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणता येत नाही. गाव, भावकी, सोयरे, सगळेच त्या शब्दाला बांधले गेले. पेणच्या खारेपाटात आगरी-कोळी लग्नात धवलारीण धवले गाते, विधी गाण्यातून पुढे नेते. तिथेही लग्न कागदावर नसतं, दागिन्यावर नसतं; ते ऐकणाऱ्यांच्या कानावर असतं. एवढे साक्षीदार असताना अंगठीची गरज कोणाला?

आता कोणी म्हणेल, "अहो, अंगठी आपल्याला माहीतच नव्हती, ती इंग्रजांनी आणली." हे अगदी सोपं उत्तर आहे, आणि निदान आपल्या जिल्ह्यापुरतं तरी ते पुरत नाही. कारण लग्नात अंगठी घालणारे लोक आपल्या शेजारी शतकानुशतकं राहत होते.

पहिले बेने इस्रायली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांच्यातली आडनावं, सगळी इथल्याच मातीतली. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, पण घरात मराठी घेऊन गेले. ज्यू विवाहविधीत वर वधूच्या बोटात अंगठी घालतो, आणि त्या अंगठीचे नियम ऐकण्यासारखे आहेत. ती वराच्या स्वतःच्या मालकीची हवी, उसनी चालत नाही. ती साधी असावी, तिच्यात खडा नसावा. का? खड्याची किंमत नवख्याला कळत नाही, आणि वधूचा मोलाबद्दल गैरसमज होता कामा नये. आणि हे सगळं दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवं. सराफाच्या पेढीवर टांगून ठेवावेत असे हे नियम आहेत.

दुसरे शेजारी ख्रिस्ती. ही आपली कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंड्याला पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत होते. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलणारी ख्रिस्ती वस्ती आहे. चर्चमधल्या लग्नात अंगठी असतेच.

म्हणजे अंगठी आपल्या दाराशी होती. नदीच्या एका टोकाला होती, बाजारपेठेच्या दुसऱ्या आळीत होती. तरीही साखरपुड्यात ती शिरली नाही. मग विसाव्या शतकातच का शिरली? खरा प्रश्न हा आहे.

त्याआधी आपल्या स्वतःच्या गोष्टींतली अंगठी बघू. हनुमान लंकेत सीतेला भेटतो तेव्हा रामाची अंगठी पुढे करतो. अयोध्येत त्याला कोणी अंगठी मागितली नसती. लंकेत त्याला ओळखणारं, त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणीच नाही, म्हणून अंगठी. शाकुंतलात दुष्यंत शकुंतलेला अंगठी देतो, कारण त्यांचा गांधर्वविवाह आहे. ना आईबाप हजर, ना भावकी. पुढे ती अंगठी पाण्यात पडते आणि राजा ओळखच विसरतो. मग ती सापडते कोणाला? एका कोळ्याला, रोहित माशाच्या पोटात. रोह्याच्या लोकांनी या माशाकडे जरा आपुलकीनं बघायला हरकत नाही. (हशा) १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हेच नाटक मराठी रंगभूमीवर आणलं.

या दोन्ही गोष्टींत एक समान धागा दिसतो. जिथे साक्षीदार नाहीत तिथे अंगठी लागते. माणसं साक्ष द्यायला असली की ती लागत नाही.

रोमन लोकांचंही असंच काहीसं होतं. त्यांच्याकडे लग्न ठरलं की मुलीला अंगठी पाठवत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो, की ती लोखंडाची असे आणि तिच्यात खडा नसे. तिचं स्वरूप आपल्या विसारासारखं. जमिनीचा व्यवहार ठरला की आपण विसार देतो, तसा. युरोपातली साखरपुड्याची अंगठी या विसाराच्या घराण्यातली आहे. आपल्याकडे विसाराचं काम साखर, सुपारी आणि नारळ करत होते.

आता मूळ प्रश्नाकडे. विसाव्या शतकात काय बदललं?

पहिली गोष्ट, मुलीचं वय. आपल्या पणज्यांची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी व्हायची. आता विचार करा, नऊ वर्षांच्या मुलीच्या बोटाला अंगठी करून काय उपयोग? दोन वर्षांत ती चढायची नाही. बांगड्या बदलता येतात. जोडव्याला तोंड उघडं असतं, ते सैल करता येतं. गळ्यातलं तर वाढत्या वयालाही चालतं. साखरपुड्याची अंगठी मात्र मोठ्या माणसाच्या बोटाची वस्तू आहे. १९२९ साली सारडा कायदा झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. त्यात मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ते १५ आणि १८ झालं, १९७८ च्या दुरुस्तीनं १८ आणि २१. कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गाव बदललं नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. पण वय वाढत गेलं, आणि साखरपुड्याच्या पाटावर पहिल्यांदा वाढ पूर्ण झालेला हात आला. अंगठीला तो हात हवा होता.

दुसरी गोष्ट, मुंबई. धरमतरहून बोटीनं माणसं मुंबईला जात होती. मुलगा गिरणीत, गोदीत, कचेरीत. घरची शेती भावाकडे. मुलाला पगार सुरू झाला आणि बापाच्या हातून न घेता स्वतःच्या पैशानं वस्तू आणायची सोय झाली. पुढे १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, धाटावला कारखाने उभे राहिले. त्याच वेळी साक्षीदार पांगले. ज्यांनी साखर खाल्ली ते लालबागला, ठाण्याला, पनवेलला राहायला गेले. मुलगी पेणची, मुलगा डोंबिवलीचा, मध्यस्थ तिसऱ्याच गावचा. भावकीच्या डोळ्यांवर अवलंबून राहता येईना. मग बोटात दिसणारी खूण बरी वाटू लागली. हनुमानाची लंका ती हीच. अनोळखी माणसांत ओळख पटवायची.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. साखर एका घरानं दुसऱ्या घराला दिली. लुगडंही घरानं दिलं. अंगठी मात्र एक माणूस दुसऱ्या माणसाला घालतो. आणि आपल्याकडे तर मुलगीही मुलाला घालते. लग्नाच्या सगळ्या देण्याघेण्यात असं समान काय आहे, सांगा बरं? हुंडा एका बाजूनं जायचा, मानपान एका बाजूनं. १९६१ साली हुंडाबंदी कायदा आला, तरी तो ओघ पुरता थांबला नाही. अंगठी तेवढी दोन्हीकडून येते. ही रीत आपण बाहेरून घेतली असेल, पण तिच्यातला बरोबरीचा भाग सोडून देण्यासारखा नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या मावशीचा साखरपुडा १९६४ साली पेणला झाला. मुलगा मुंबईत नोकरीला. त्यानं स्वतःच्या पगारातून अंगठी आणली होती. आमच्या घरातली ती पहिली साखरपुड्याची अंगठी. लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं, ते काही कारणानं पुढे गेलं, आणि मध्ये पावसाळा आला. खाडीकडची हवा, दमट, खारी. अंगठी काळपट पडली. झालं, घरात कुजबुज. "सोनं नाहीच हे. फसवलं आपल्याला." आजोबा मोडायला निघाले. अंगठी नव्हे, लग्न.

आजी म्हणाली, "आधी सोनाराला तर दाखवा." आजोबा आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्यानं कसोटीवर रेघ ओढली, तेजाब लावलं आणि म्हणाला, "आबा, पोरानं फसवलेलं नाही. चौदा कॅरेट आहे. कायद्यानं आम्हांला याहून चोख घडवताच येत नाही."

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. त्या वेळी बायकांनी संरक्षण निधीला हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या. सोन्याची हौस कमी व्हावी, चोरटी आयात थांबावी म्हणून जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना १४ कॅरेटपेक्षा चोख करायचा नाही. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात साधारण ५८ भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. असा दागिना घाम आणि खाऱ्या हवेनं काळवंडतो. लोकांनी दागिने करणं थांबवलं आणि गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या. देशभरात सोनारांवर उपासमारीची वेळ आली, काहींनी जीव दिला. १९६६ साली चौदा कॅरेटची अट उठली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला. सामान्य माणसाला सोन्याची लगड किंवा बिस्कीट जवळ ठेवायला बंदी. तो कायदा थेट १९९० मध्ये रद्द झाला.

तर त्या सोनारानं, ज्याची स्वतःची भट्टी याच कायद्यानं विझत आली होती, साक्ष दिली. लग्न झालं. म्हणजे बघा, साक्षीदाराची जागा घ्यायला अंगठी आली, आणि तिच्यावरच संशय आला तेव्हा पुन्हा माणूसच लागला. काकांना हा प्रसंग कळला तो लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. ते एवढंच म्हणाले, "मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा त्याच्याकडे येतो.

आता आजची पेढी. आज अंगठी घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "हिरा की साधी?" हिऱ्याचं खूळ किती जुनं? हिरा भारताला नवा नाही. अठराव्या शतकापर्यंत जगाला हिरे पुरवले ते मुख्यतः आपणच, गोवळकोंड्याच्या बाजारातून. पण साखरपुडा म्हणजे हिरा, हे समीकरण अगदी अलीकडचं. १८७० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत किंबर्लेला हिऱ्यांचा प्रचंड साठा सापडला. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी स्थापन झाली. माल उदंड, तेव्हा मागणी तयार करायला हवी. १९४७ साली अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी एक घोषवाक्य लिहिलं, हिरा कायमचा असतो अशा अर्थाचं. गंमत म्हणजे ते लिहिणाऱ्या बाईंनी स्वतः लग्न केलं नाही. आपण ज्याला 'परंपरा' म्हणून पैसे मोजतो, ती आपल्या स्वातंत्र्याच्या वयाची आहे.

मी हिरा घेऊ नका असं म्हणत नाही. आवडला तर घ्या. पण मोडीला गेलात की सोन्याचं वजन होतं. खड्याचे पैसे बहुधा फारच थोडे येतात. आपल्या भागात हे महत्त्वाचं आहे. २०१० मध्ये पेणच्या एका सहकारी बँकेत लोकांच्या ठेवी अडकल्या, तेव्हा किती घरांना डबीतल्या सोन्याचाच आधार वाटला, ते इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. म्हणूनच जुनी माणसं चोख सोन्याचं वेढणं घेऊन ठेवत. नक्षी नाही, खडा नाही, घडणावळ नाममात्र. ज्यू विधीतल्या त्या साध्या अंगठीशी याचं नातं जुळतं.

भाव बघा. दहा ग्रॅमला १९८० मध्ये सुमारे १,३३० रुपये, २००० मध्ये ४,४००, २०१० मध्ये १८,५००. २०२५ च्या एप्रिलमध्ये हा भाव लाखावर पोचला. म्हणजे १९८० साली साडेसहाशे-सातशे रुपयांत जेवढं सोनं येत होतं, त्या पाच ग्रॅमला २०२५ च्या एप्रिलमध्ये पन्नास हजार. घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वेगळे. मग लोक काय करतात? अंगठी हलकी करतात. पाच ग्रॅमची तीन होते, तीनची पावणेदोन.

आणि इथेच मला इशारा द्यायचा आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. त्यात तीन गोष्टी असतात. बीआयएसची खूण, शुद्धतेचा आकडा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५०, आणि एचयूआयडी म्हणजे सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाईल अॅपवर घालून तुम्ही स्वतः तपासू शकता. पण दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला या सक्तीतून सूट आहे. म्हणजे ज्याला पावणेदोन ग्रॅमचीच अंगठी परवडते, नेमकी त्याचीच अंगठी खुणेशिवाय विकता येते. भाव चढतील तशा अधिकाधिक गरिबांच्या अंगठ्या या सुटीत जाऊन बसणार. तेव्हा हलकी अंगठी घेणाऱ्यानं पक्कं बिल मागावं. त्यावर वजन, कॅरेट, घडणावळ आणि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्यावं. लाजू नये. तसंच 'तोळा' म्हटल्यावर किती, ते विचारावं. जुना तोळा आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशोबानं ११.६६ ग्रॅमचा, आज पेढीवर दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. कॅरेटही दोन अर्थांनी येतो. सोन्यात तो चोखपणा सांगतो, चोवीस भागांत किती सोनं ते. हिऱ्यात तो वजन सांगतो, एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम.

माप घेताना सकाळी थंड हातानं घेऊ नका, संध्याकाळी घ्या. बोट थोडं फुगलेलं असतं. पेरावरून जराशी अडून उतरली पाहिजे. लावणीला, मिठागरात, मासळीत हात घालणाऱ्या बाईनं उंच कोंदणाची अंगठी घेऊ नये. चिखलात पडलेली अंगठी प्रत्येक वेळी माशाच्या पोटात सापडत नाही. (हशा)

आणि मालकी. लग्नात मुलीला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. त्यावर पूर्ण हक्क तिचा, हे १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे. सासूच्या कपाटात ठेवलं म्हणून ते सासूचं होत नाही.

आता शेवटचं. आजकाल हायवेच्या हॉलमध्ये 'रिंग सेरेमनी' होते. फिरतं व्यासपीठ, धूर, निवेदक. मुलीच्या बापानं त्यासाठी कर्ज काढलेलं मी पाहिलं आहे. त्यात साखर कुठे असते? असते, कोपऱ्यातल्या ताटात. दोन्ही घरांनी आधी बसून अंगठीचं अंदाजपत्रक एकमेकांना मोकळेपणानं सांगितलं, दोघांच्या अंगठ्या सारख्या मोलाच्या ठरवल्या, आणि मुलगा-मुलगी दोघं मिळून पेढीवर गेले, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील. दोघांनी मिळून घेतलेला तो पहिला निर्णय असतो. पैशाबद्दल समोरचा माणूस कसा बोलतो, ते तिथे कळतं.

माझी मावशी गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती चौदा कॅरेटची अंगठी तिनं कधी बोटात घातली नाही, पण मोडलीही नाही. घरात अडचणी आल्या तेव्हा पाटल्या गेल्या, गोठ गेले. ती राहिली. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याला आधी विचारायला हवं होतं रे. सोनाराकडे नंतर जायचं." तिच्या मनात साठ वर्षं तेवढंच राहिलं होतं.

अंगठी जरूर घ्या. खूण तपासून घ्या, बिल जपून ठेवा. पण मनात काही शंका आली, तर आधी समोरच्या माणसाला विचारा.

चहा घेऊ, मग प्रश्न.